नादार : जमिनीपासून ऐंशी मीटर उंचीवर

आकाशातून आपले गाव, आपले शहर कसे दिसते हे पाहण्याचे कुतूहल आता फारसे महाग राहिलेले नाही. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन, गडाच्या तटाबुरुजांवरून सरकत जाणारी चित्रफीत, पुराने वेढलेल्या वस्तीचे वरून टिपलेले छायाचित्र हे सारे आपल्या सवयीचे झाले आहे. पहिल्यांदाच ड्रोन हाती घेणाऱ्या हौशी छायाचित्रकाराच्या अडचणीही ठरलेल्या असतात. वारा यंत्राला हलवतो, चित्र धूसर येते, वजन आणि उड्डाणाचा वेळ यांचे गणित जुळत नाही, आणि सर्व काही नीट करूनही हाती काहीच लागले नाही, असा एखादा दिवस येतोच. पॅरिसच्या वेशीबाहेरील एका लहानशा वस्तीत १८५८ साली एक माणूस अशाच अडचणींशी झगडत होता. त्याच्यापाशी ड्रोन नव्हता, दोरांनी जमिनीशी बांधलेला बलून होता. फिल्म नव्हती, काचेच्या ओल्या पट्ट्या होत्या. आकाशातून जगातले पहिले छायाचित्र घेण्याचा मान ज्याच्याकडे जातो, तो हा माणूस म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार नादार.

नादार हे त्याचे खरे नाव नव्हे. गास्पार-फेलिक्स तूर्नाशों हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म ६ एप्रिल १८२० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील मुद्रक आणि प्रकाशक होते. घरात पुस्तकांचा वावर होता, पण व्यवसाय बुडाला आणि १८३७ साली वडीलही गेले. फेलिक्सने लिओं शहरात वैद्यकाचे शिक्षण सुरू केले होते, ते पैशांअभावी सुटले. मग वृत्तपत्रांतून लिहून पोट भरणे आले. पॅरिसमध्ये त्याला जी मित्रमंडळी मिळाली, ती सारी त्याच्यासारखीच खिशाने रिकामी आणि मनाने श्रीमंत होती. कवी, चित्रकार, नाटककार असा हा गोतावळा होता. या मंडळींत शब्दांच्या शेवटी गमतीने ‘दार’ असा प्रत्यय जोडून बोलण्याची टूम निघाली होती. त्यातून तूर्नाशोंचा झाला तूर्नादार आणि पुढे नुसता नादार. हेच नाव त्याला आयुष्यभर पुरले. इतकेच नव्हे तर सख्खा भाऊ आद्रिएँ हे नाव आपल्या व्यवसायासाठी वापरू लागला तेव्हा त्याने न्यायालयात धाव घेतली आणि १८५७ साली ते नाव आपल्यासाठी राखून घेतले.

नादार मुळात स्वस्थ बसणारा नव्हताच. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे वाहू लागले, तेव्हा पोलंडला स्वतंत्र करण्यासाठी निघालेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीत तो सामील झाला आणि वाटेतच प्रशियात पकडला गेला. परत आल्यावर त्याने व्यंगचित्रकार म्हणून नाव कमावले. फ्रान्समधील सर्व नामवंतांची व्यंगचित्रे चार मोठ्या पत्रकांवर एकत्र काढायची अशी प्रचंड योजना त्याने आखली. त्यापैकी साहित्यिकांचे एकच पत्रक १८५४ साली निघाले. त्यावर अडीचशेच्या आसपास लेखक-कवींची मिरवणूक होती. पत्रकाची वाहवा झाली, पैसे मात्र सुटले नाहीत.

या पत्रकानेच त्याला कॅमेऱ्याकडे नेले. इतक्या माणसांचे चेहरे स्मरणात ठेवायचे तर छायाचित्रांचा आधार घ्यावा, असा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता. पण हाती आलेले हे साधनच पुढे त्याची मुख्य कला ठरले. सँ-लाझार रस्त्यावरील त्याच्या स्टुडिओत बोदलेर आला, द्युमा आला, बेर्लिओझ आला. पुढे जॉर्ज सँड आणि तरुण सारा बर्नहार्टही आली. त्या काळच्या स्टुडिओंत रंगवलेले पडदे, खोटे खांब, फुलदाण्या यांचा सुळसुळाट असे. नादारने हे सारे बाजूला सारले. साधी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश आणि समोर बसलेल्या माणसाशी गप्पा एवढ्यावरच त्याने अशी व्यक्तिचित्रे घेतली की आजही त्या शतकातील फ्रेंच लेखक-कलावंतांचे चेहरे आपण बहुधा नादारच्याच नजरेने पाहतो.

एखाद्याचे यात सुखाने आयुष्य गेले असते. नादारला मात्र बलूनचे वेड लागले. बलूनच्या टोपलीतून खाली पाहताना शेते, रस्ते, घरे एखाद्या नकाशासारखी पसरलेली दिसत. हा नकाशा जर दिसतो आहे, तर तो काढायचा कशाला, सरळ टिपूनच का घेऊ नये, हा प्रश्न त्याच्या मनात आला. जमिनीची मोजणी करणारे लोक महिनोन् महिने साखळ्या आणि खुंट्या घेऊन शेतांतून हिंडत. तेच काम वरून घेतलेल्या छायाचित्रांनी कितीतरी वेगाने होईल, अशी त्याची खात्री झाली. त्याने १८५८ सालच्या ऑक्टोबरमध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. ज्या पद्धतीने अजून एकही चित्र उमटले नव्हते, तिचे पेटंट आधी आणि चित्र नंतर, असा हा उलटा प्रवास होता.

चित्र उमटणे सोपे नव्हते. त्या काळी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रचलित होती. काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रावाचा थर द्यायचा, मग ती पट्टी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाशाला दाखवायची आणि थर सुकण्यापूर्वीच रसायनांनी चित्र विकसित करायचे. या साऱ्या खटाटोपाला मिळत ती जेमतेम काही मिनिटे. म्हणजे डार्करूम छायाचित्रकाराच्या हाताशीच हवी. नादारने ती चक्क आकाशात नेली. बलूनच्या टोपलीत काळ्या आणि नारिंगी कापडाचे दुहेरी अस्तर असलेला तंबू उभारला, त्यात द्रावणांची भांडी मांडली आणि कॅमेऱ्याचे भिंग खाली जमिनीकडे तोंड करून बसवले. बलून हलू नये म्हणून तो दोरांनी जखडून ठेवायचा. बलून चालवण्याचे काम त्या विद्येत मुरलेल्या गोदार बंधूंकडे होते.

पहिल्या उड्डाणात काच काळी निघाली. दुसऱ्यातही तेच. नादारने द्रावणे बदलली, भांडी घासून पुसून लख्ख केली, तंबूच्या कापडातून कुठे प्रकाश तर झिरपत नाही ना हे पुन्हा पुन्हा तपासले. जमिनीवर स्टुडिओत तीच रसायने चोख काम करत आणि वर गेले की काजळी फासल्यासारखी काच हाती येई. प्रत्येक उड्डाणासाठी बलूनमध्ये नव्याने वायू भरावा लागे आणि त्याचे पैसे मोजावे लागत. स्टुडिओत मिळवलेले पैसे असे अक्षरशः हवेत जात होते. पेटंट घेऊन बसलेल्या माणसाला एक साधे चित्र काढून दाखवता येऊ नये, ही नामुष्कीही होतीच.

या कोड्याची उकल झाली ती अपघाताने. पॅरिसच्या दक्षिणेला बिएव्र नदीच्या खोऱ्याजवळ पती-बिसेत्र नावाची वस्ती होती. तिथे एका अपयशी उड्डाणानंतर नादारने ठरवले की या वेळी बलून रिकामा करायचा नाही. वायू वाया जाऊ नये म्हणून त्याने बलूनचे खालचे तोंड बंद करवले आणि रात्रभर बलून तसाच बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा थंड आणि ओलसर होती. रात्रीतून बलून आक्रसला होता आणि नेहमीचे वजन उचलण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. नादारने तंबू काढला. जे जे काढता येईल ते काढले, अंगावरचे जड कपडे आणि बूटसुद्धा. पट्टी खालीच तयार करून घेतली आणि कॅमेरा घेऊन तो वर गेला. बलून ऐंशी मीटरवर थांबला. त्याने भिंगावरील झाकण उघडले, मिटले आणि खाली उतरण्याची खूण केली. वस्तीतील खाणावळीत धावत जाऊन त्याने काच विकसित केली. या वेळी ती काळी पडली नाही. चित्र फिकट होते, डागाळलेले होते, पण ते होते. एक शेतघर, खाणावळ आणि पोलिसांची चौकी अशा तीन इमारती त्यात दिसत होत्या. रस्त्यावर एक गाडी बलून पाहून थबकलेली होती आणि कौलांवर दोन पांढरी कबुतरे बसलेली स्पष्ट ओळखू येत होती.

मग आतापर्यंतच्या काचा काळ्या का पडत होत्या? बलून वर जातो तसा बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला वायू फुगतो. त्याला वाट मिळाली नाही तर बलून फाटेल, म्हणून त्याचे खालचे तोंड उघडे ठेवत. या तोंडातून बाहेर पडणारा वायू थेट टोपलीवर उतरे. हा वायू म्हणजे शहरातील दिव्यांसाठी दगडी कोळशापासून बनवलेला गॅस. त्यात गंधकयुक्त हायड्रोजन सल्फाइड असे आणि चांदीच्या क्षारांशी त्याचा संयोग झाला की काळेकुट्ट सिल्व्हर सल्फाइड तयार होते. जो वायू नादारला वर उचलत होता, तोच त्याची चित्रे पुसून टाकत होता. त्या सकाळी तोंड बंद होते, म्हणून चित्र वाचले. नादारने स्वतःच्या कौशल्यावर संशय घेण्यात इतके दिवस घालवले होते आणि दोष होता डोक्यावरच्या बलूनमध्ये. कॅमेरा आकाशात नेणाऱ्याला छायाचित्रणाइतकेच वाहनही समजून घ्यावे लागते, हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला.

हे पहिले चित्र आज उपलब्ध नाही. आकाशातून घेतलेले, आज शिल्लक असलेले सर्वात जुने छायाचित्र जेम्स वॉलेस ब्लॅक या अमेरिकी छायाचित्रकाराने १८६० साली बॉस्टन शहराचे घेतले आहे. नादारचे म्हणून जे प्रसिद्ध हवाई चित्र पुस्तकांतून दिसते, पॅरिसच्या विजय कमानीभोवतालच्या परिसराचे, ते १८६८ सालचे आहे. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर त्याने ती दृश्ये टिपली होती. अनेकदा याच चित्राखाली चुकून १८५८ हे साल छापले जाते.

आकाशातून टिपता येते म्हटल्यावर लष्कराचे तिकडे लक्ष गेले नसते तरच नवल. १८५९ साली इटलीतील युद्धाच्या वेळी शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी आपल्याला पन्नास हजार फ्रँक देऊ करण्यात आले होते आणि आपण ते नाकारले, असे नादारने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीविषयी त्या कट्टर प्रजासत्ताकवाद्याच्या मनात कधीच प्रेम नव्हते. व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने १८६२ साली नादारवर एक गाजलेले चित्र काढले. डोक्यावरची टोपी उडून चाललेला नादार बलूनच्या टोपलीत कॅमेऱ्याला डोळा लावून ओणवा झाला आहे आणि खाली पॅरिसमधील झाडून साऱ्या इमारतींवर छायाचित्रणाच्या पाट्या झळकत आहेत. छायाचित्रणाला कलेच्या उंचीवर नेणारा नादार, असा त्यातील चिमटा होता.

आकाशात जाणारा हा माणूस जमिनीखालीही उतरला. विजेच्या बॅटऱ्यांवर कृत्रिम प्रकाश पाडून त्याने पॅरिसखालील हाडांची भुयारे आणि सांडपाण्याची गटारे टिपली. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल उभा राहणे अशक्य, म्हणून कामगारांचे कपडे चढवलेले पुतळे त्याने भुयारांत उभे केले.

पण मन होते ते आकाशातच. बलूनमध्ये वावरून वावरून नादारला एक गोष्ट पटली होती, ती म्हणजे बलूनला भवितव्य नाही. हवेपेक्षा हलकी वस्तू वाऱ्याची गुलाम असते. तिला दिशा देता येत नाही. आकाशात मनाजोगते फिरायचे तर यंत्र हवेपेक्षा जड हवे आणि ते फिरत्या पंख्याने उचलले गेले पाहिजे. १८६३ साली त्याने गाब्रिएल द ला लांदेल आणि पोंतों दामेकूर या दोघांसोबत हवेपेक्षा जड वाहनांच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली. हेलिकॉप्टर हा शब्द ज्याने घडवला, तोच हा पोंतों दामेकूर. त्याने घड्याळी स्प्रिंगवर चालणारे लहानसे नमुने बनवले होते. फिरत्या पंख्यांच्या जोरावर ते सरळ वर उठत. वाफेवर चालणारा त्याचा नमुना मात्र उडाला नाही. त्या काळचे कोणतेही इंजिन स्वतःचे वजन उचलण्याइतके हलके नव्हते.

संशोधनाला पैसा हवा. तो उभा करण्यासाठी नादारने जो मार्ग निवडला, त्यात त्याचा सारा स्वभाव दिसतो. बलूनचे युग संपले हे सांगण्यासाठी त्याने जगातला सर्वात मोठा बलून बांधला. ‘महाकाय’ असेच त्याचे नाव होते. त्यात सहा हजार घनमीटर वायू मावे आणि खाली वेताची दुमजली खोली होती, जिच्यात छोटा छापखाना आणि डार्करूमचीही सोय होती. लोक तिकिटे काढून उड्डाण पाहायला येतील आणि त्या पैशांतून पंख्याचे यंत्र बनेल, असा हिशेब होता. ४ ऑक्टोबर १८६३ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरून अफाट गर्दीच्या साक्षीने तो उडाला आणि काही तासांतच मो या जवळच्याच गावापाशी आदळला. दोन आठवड्यांनी, १८ ऑक्टोबरला, दुसरे उड्डाण झाले. या वेळी नादारची पत्नी एर्नेस्तीनही बरोबर होती. बलून रात्रभर वाहत जाऊन थेट जर्मनीतील हानोव्हर प्रदेशात पोहोचला. उतरताना वाऱ्याचा जोर इतका होता की त्याने वेताची ती खोली शेते, कुंपणे, झाडे यांवरून मैलोन् मैल फरफटत नेली. वाटेत रेल्वेची गाडी समोरून आली, चालकाने ती वेळीच थांबवली म्हणून प्राण वाचले. नादार जखमी झाला, एर्नेस्तीनला गंभीर दुखापत झाली. संशोधनासाठी निधी जमण्याऐवजी डोक्यावर कर्ज झाले.

त्या बलूनची एक आठवण बेल्जियममध्ये अजून टिकून आहे. १८६४ सालच्या सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सला उड्डाण झाले, तेव्हा गर्दीला दूर ठेवण्यासाठी हलवता येणारे कठडे उभारले होते. अशा कठड्यांना तिथे आजही नादारचेच नाव आहे. दुसरी आठवण साहित्यातील. नादारच्या संस्थेत ज्यूल व्हर्न हा त्या वेळी नुकताच उदयास येत असलेला लेखकही होता. त्याने १८६५ साली लिहिलेल्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीतील धाडसी नायकाचे नाव आर्दां आहे. नादारच्या नावातील अक्षरांची अदलाबदल करून ते बनवले आहे. पुढे १८८६ साली त्याने ‘रोबूर’ या कादंबरीत अनेक उभ्या पंख्यांनी उचलले जाणारे प्रचंड विमान रंगवले. त्यामागे नादारच्या मित्रमंडळींच्या त्या चर्चा होत्या, हे उघड आहे.

ज्या बलूनला नादारने बाद ठरवले होते, त्याच बलूनने १८७० साली त्याच्या शहराला आधार दिला. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि बाहेरच्या जगाशी असलेले सारे मार्ग तुटले. पन्नाशीला आलेल्या नादारने सहकाऱ्यांसह मोंमार्त्र टेकडीवरील सँ-पिएर चौकात बलूनची छावणी उभारली. २३ सप्टेंबरला ‘नेपच्यून’ हा बलून सव्वाशे किलो टपाल घेऊन शत्रूच्या डोक्यावरून निघून गेला. वेढा उठेपर्यंत साठाहून अधिक बलून पॅरिसमधून उडाले. लाखो पत्रे त्यांनी बाहेर पोहोचवली.

उत्तरायुष्यात नादारकडे कीर्ती भरपूर होती, पैसा क्वचितच. कापुसीन बुलेव्हारवरील त्याच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १८७४ साली काही उपेक्षित चित्रकारांनी आपले प्रदर्शन भरवले. मोने, रेन्वार, देगा यांचे ते प्रदर्शन म्हणजे इम्प्रेशनिस्ट चळवळीचा आरंभ. १८८६ साली त्याने शंभरी गाठलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची मुलाखत घेतली आणि मुलगा पॉल याने ती सुरू असताना छायाचित्रे काढली. सचित्र मुलाखतीचा तो पहिला नमुना मानला जातो. पुढे सत्तरी उलटल्यावर त्याने मार्सेय शहरात जाऊन नव्याने स्टुडिओ थाटला. १९०० साली त्याच्या आठवणींचे पुस्तक आले.

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने हवेपेक्षा जड अशा विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. शेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या कल्पनेपायी नादारने कर्ज काढले, हाडे मोडून घेतली आणि लोकांचे हसू ओढवून घेतले, ती त्याच्या डोळ्यांदेखत खरी ठरली. त्याने ब्लेरिओला तारेने अभिनंदन पाठवले. हा दिवस पाहायला एर्नेस्तीन मात्र उरली नव्हती. त्याच वर्षी तिचे निधन झाले होते. १९१० सालच्या मार्चमध्ये, नव्वदी जवळ आलेली असताना, नादारनेही जगाचा निरोप घेतला.

नादारने दोन ध्यास जोपासले. आकाशातून टिपावे हा एक आणि फिरत्या पंख्यांनी यंत्र वर उचलावे हा दुसरा. त्याच्या हयातीत ते एकत्र आले नाहीत. छायाचित्रे त्याने बलूनमधून घेतली आणि पंख्यांचे यंत्र खेळण्याच्या आकारापुढे सरकले नाही. चार पंख्यांवर तरंगत खाली कॅमेरा धरणारा आजचा ड्रोन हे या दोन्ही ध्यासांचे एकत्र रूप आहे. बलून हलू नये म्हणून बांधलेल्या दोरांचे काम आता कॅमेरा स्थिर ठेवणारे गिंबल करते. वजनाचे गणित मात्र तेच आहे. नादारने बूट काढले, आपण बॅटरीच्या ग्रॅमचा हिशेब करतो. काळ्या काचेचा धडाही जुना झालेला नाही. चित्र बिघडले की नवखा माणूस कॅमेऱ्याला दोष देतो आणि कारण अनेकदा पंख्याच्या वाकलेल्या पात्यात किंवा वाऱ्यात असते.

त्याच्या पेटंटमागची मूळ कल्पनाही आपल्या दारात येऊन पोहोचली आहे. महाराष्ट्रातील गावठाणांचे ड्रोनने भूमापन झाले, २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि पिढ्यान् पिढ्या ज्या घरांचा कागद नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. साखळ्या-खुंट्यांऐवजी वरून घेतलेल्या चित्रांनी जमीन मोजावी, हेच तर नादारला हवे होते. भारतात २०२१ साली आलेल्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडण्याची मोकळीक दिली. नादारचे पहिले चित्र ऐंशी मीटरवरचे होते. आज एखादा मुलगा गावाबाहेरच्या माळावर पहिल्यांदा ड्रोन उडवतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर बहुधा फार मोठे काही नसते. दोन-तीन घरे, रस्त्यात थांबून वर पाहणारा कुणी गाडीवाला आणि कौलांवर बसलेली पाखरे. नादारच्या काचेवरही एवढेच होते.